पाहुणा भाडं भरत नाही!

'जाऊ दे ना यार, आपला देश थोडीच आहे!'

परदेशात राहणाऱ्या आपल्या मंडळींचं हे लाडकं वाक्य. घरमालकाने डिपॉझिट गिळलं? जाऊ दे. फोन कंपनीने नको त्या सर्व्हिसचे पैसे लावले? जाऊ दे. मागवलेली वस्तू आलीच नाही? जाऊ दे, आपला देश थोडीच आहे! हेच लोक डोंबिवली स्टेशनबाहेर दोन रुपये सुट्टे मिळाले नाहीत म्हणून रिक्षावाल्याशी पाच मिनिटं हुज्जत घालतात. विमानात बसलं की मात्र ही लढाऊ वृत्ती कुठे गायब होते, देव जाणे!

मी २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये नोकरीसाठी लंडनला आले. इथल्या मराठी, गुजराती, तेलुगू अशा सगळ्या मित्रमंडळींना जवळून बघितलं आणि त्या 'जाऊ दे'मागचं कारण हळूहळू कळत गेलं. कायद्याचं ज्ञान कमी हा भाग आहेच, पण खरं कारण वेगळं आहे. आपण स्वतःला इथे पाहुणे समजतो. पाहुण्याने कसं, गप्प बसायचं, वाढलेलं गोड मानून खायचं, भाजीत मीठ जास्त झालं तरी 'छान झालीय हं' म्हणायचं. पुढच्या वेळी बोलावलं नाही तर? इथे 'पुढच्या वेळी'चा अर्थ व्हिसा.

पण मला सांगा, पाहुणा भाडं भरतो का? इन्कम टॅक्स, कौन्सिल टॅक्स भरतो? व्हिसाबरोबर आरोग्य सेवेचा सरचार्ज आगाऊ मोजतो? (६ फेब्रुवारी २०२४ पासून तो मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड झालाय. तीन वर्षांचा व्हिसा असेल तर तीन वर्षांचा एकदम!) इतकं सगळं मोजणारा माणूस पाहुणा नसतो, गिऱ्हाईक असतो. आणि गिऱ्हाईकाला हक्क असतात.

कागदावर जन्म

इथे आल्यावर पहिला साक्षात्कार होतो तो हा, की आपण अस्तित्वातच नाही! भारतात माझा सिबिल स्कोअर ७९० होता. केवढी मिरवायचे मी तो. लंडनमध्ये त्याला कोणी विचारेना. मोबाइलचं साधं मंथली कॉन्ट्रॅक्ट घ्यायला गेले, तर काउंटरवरचा मुलगा कॉम्प्युटरकडे बघून गोड हसला आणि म्हणाला, 'सॉरी, सिस्टीम नाही म्हणतेय.' सिस्टीमच्या लेखी मी काल जन्मले होते.

इथे एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन अशा तीन मोठ्या संस्था सगळ्यांची आर्थिक कुंडली मांडतात. त्यांच्याकडे तुमची पाटी कोरी असेल, तर 'हा माणूस चांगला' असं कोणी म्हणत नाही. 'हा माणूस माहीत नाही' असं म्हणतात, आणि उधारी देणाऱ्याला ते पुरेसं असतं. बँक खातं उघडायला पत्त्याचा पुरावा हवा, घर भाड्याने घ्यायला बँक खातं हवं, असाही एक मजेशीर चक्रव्यूह असतो. माझ्या बाबतीत ऑफिसच्या एचआरने पत्र दिलं आणि एकदाचा तो सुटला. पण कुंडली कोरीच.

अशात एक दिवस दारात कौन्सिलचं पत्र येऊन पडलं. 'या घरात मतदानाला पात्र कोण कोण राहतं?' माझ्या वरच्या मजल्यावरच्या हैदराबादच्या मुलाने तसंच पत्र थेट रिसायकलिंगच्या डब्यात टाकलं होतं. 'ये अपने लिए नहीं है.' मी नीट वाचलं, तर तिथे 'राष्ट्रकुल देशांचे नागरिक' असं स्वच्छ लिहिलेलं! भारत राष्ट्रकुलात आहे, त्यामुळे ब्रिटनमध्ये राहण्याचा वैध व्हिसा असलेल्या भारतीय नागरिकाला इथे मतदार म्हणून नोंदणी करता येते. फक्त स्थानिक निवडणुकीसाठी नव्हे, पार्लमेंटसाठीसुद्धा! मी घरबसल्या फॉर्म भरला.

याचा पैशांशी काय संबंध? बराच आहे. कर्ज किंवा कार्ड देणाऱ्या कंपन्या तुमचं नाव आणि पत्ता खरा आहे का, हे मतदार यादीशी ताडून बघतात. यादीत नाव आलं की कागदावर तुमचा जन्म होतो. त्यानंतर मी छोट्या लिमिटचं एक क्रेडिट कार्ड घेतलं. त्यावर फक्त भाजी-किराणा आणायचा आणि महिनाअखेर पूर्ण बिल चुकतं करायचं, एवढंच. वर्षभरात फोन कंपनीचं ते 'सॉरी'ही बंद झालं.

त्याच कौन्सिलच्या वेबसाइटवर फिरताना आणखी एक गोष्ट सापडली. घरात एकच मोठा माणूस राहत असेल, तर कौन्सिल टॅक्समध्ये २५ टक्के सूट मिळते. ती आपोआप लागेलच असं नाही, मागावी लागते. आमच्या ग्रुपमध्ये एकट्या राहणाऱ्या चौघीजणी होत्या. त्यातल्या तिघी पूर्ण टॅक्स भरत होत्या, कारण मागायचं असतं हेच माहीत नव्हतं.

४ जुलै २०२४ ला इथे सार्वत्रिक निवडणूक झाली. मी ऑफिसला जाता जाता मतदान केंद्रावर गेले. ओळखपत्र म्हणून राष्ट्रकुल देशाचा पासपोर्ट चालतो, त्यामुळे आपला निळा, अशोकस्तंभाचा पासपोर्ट पुढे केला. टेबलामागच्या आजींनी यादीत माझं नाव शोधलं, तोडकामोडका का होईना उच्चार केला आणि मतपत्रिका हातात दिली. बाहेर आल्यावर मनात म्हटलं, पाहुण्याला मत विचारतात का कोणी?

हळदीचा डाग आणि दीड हजार पौंड

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मी हॅरोमधला फ्लॅट सोडला. भाडं महिना १,३०० पौंड. इंग्लंडमध्ये २०१९ पासून नियम आहे, की वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही. माझं बरोबर दीड हजार पौंड होतं. रुपयांत दीड लाखाच्या वर. त्या पैशांवर माझा डोळा होता, कारण पुढच्या मे महिन्यात आई-बाबा पहिल्यांदा लंडनला येणार होते आणि त्यांची तिकिटं त्यातूनच काढायची होती.

दहाव्या दिवशी एजंटचा ईमेल. कार्पेट बदलायला ७०० पौंड, रंगकामाला ३००, साफसफाईला १८०. म्हणजे ११८० कापून हातात फक्त ३२०! मी दोन वर्षं त्या घरात राहत होते की तिथे म्हशी बांधल्या होत्या?

ग्रुपवर टाकलं. धडाधड उत्तरं आली. 'सगळ्यांचंच कापतात गं.' 'माझं तर अख्खं गेलं होतं.' आणि मग ठरलेलं ब्रह्मास्त्र. 'पुढच्या वर्षी तुझा व्हिसा रिन्यू व्हायचाय ना? कशाला लफडं?'

खरं सांगते, ते वाचून पोटात गोळा आला. व्हिसा हा शब्दच तसा आहे. पण ऑफिसमध्ये माझ्या शेजारी बसणारी वेल्श बाई अगदी थंडपणे म्हणाली, 'पैसे कुठल्या स्कीममध्ये आहेत ते बघितलंस का?' घरमालकाशी भांडायचं की नाही, हा प्रश्न तिच्या डोक्यातच नव्हता. तिच्या लेखी हे भांडण नव्हतंच, प्रोसिजर होती.

तर ती प्रोसिजर अशी. एप्रिल २००७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये घरमालकाला भाडेकरूचं डिपॉझिट सरकारमान्य स्कीममध्ये सुरक्षित ठेवावं लागतं. पैसे मिळाल्यापासून ३० दिवसांत. इंग्लंडमध्ये अशा तीनच स्कीम आहेत, त्यामुळे तिन्ही वेबसाइटवर जाऊन तपासायला दहा मिनिटंही लागत नाहीत. ठेवलं नसेल, तर कोर्ट घरमालकाला डिपॉझिटच्या एक ते तीनपट रक्कम भाडेकरूला द्यायला लावू शकतं. माझं डिपॉझिट सुरक्षित होतं. मग दुसरा टप्पा, स्कीमकडे वाद नोंदवायचा. फी शून्य, वकील नाही, हेलपाटे नाहीत. दोघांनी आपापले पुरावे अपलोड करायचे आणि त्रयस्थ निवाडा करणारा कागदं बघून निर्णय देतो.

आणि यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे, निवाड्याची सुरुवात 'डिपॉझिट हे भाडेकरूचे पैसे आहेत' इथून होते. मी निर्दोष आहे हे मला सिद्ध करायचं नव्हतं. पैसे कापण्याचा हक्क आहे, हे घरमालकाला सिद्ध करायचं होतं!

माझ्याकडे काय होतं? राहायला आले त्या दिवसाची इन्व्हेंटरी, ज्यात 'कार्पेट जुनं, खिडकीपाशी विटलेलं' असं त्यांच्याच क्लार्कने लिहिलं होतं. आल्या दिवशी आणि सोडल्या दिवशी मोबाइलवर काढलेले फोटो, तारखेसकट. (आईला घर दाखवायला म्हणून काढलेला व्हिडिओसुद्धा कामी आला. 'हे बघ आई, हे किचन', हा माझा आवाज निवाडा करणाऱ्याने ऐकला असेल का, कोण जाणे!) रोजच्या वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. शिवाय जुन्याच्या बदल्यात नवंकोरं असा हिशेब चालत नाही. कार्पेट किती वर्षं वापरलंय आणि आणखी किती टिकलं असतं, हे बघूनच आकडा ठरतो.

साधारण महिन्याभराने निर्णय आला. कार्पेट शून्य. रंगकाम शून्य. साफसफाईचे १८० पैकी ९० पौंड घरमालकाला, कारण किचनच्या पांढऱ्या ओट्यावर एक पिवळा डाग होता. हळद! ते नव्वद पौंड मी फोडणीच्या खाती टाकले. उरलेले १,४१० माझ्या खात्यात आले आणि त्याच रात्री आई-बाबांची तिकिटं काढली.

आणि व्हिसा? २०२५ मध्ये तो रिन्यू झाला. त्या फॉर्ममध्ये गुन्ह्यांबद्दल विचारतात, कोर्टाने ठोठावलेल्या दंडाबद्दल विचारतात. 'आपण कधी घरमालकाकडे स्वतःचे पैसे परत मागितले होते काय?' असा प्रश्न मला तरी कुठे सापडला नाही.

१९७४ चा कायदा, २०२४ चा सोफा

नव्या घरासाठी मी एका ऑनलाइन दुकानातून सोफा-कम-बेड मागवला. ४८० पौंड. आई-बाबा आल्यावर झोपणार कुठे? डिलिव्हरीची तारीख आली, गेली. पुन्हा नवी तारीख. मग ईमेलला उत्तरं बंद, मग फोन बंद, मग वेबसाइटच बंद. दुकान बुडालं होतं.

पण पैसे क्रेडिट कार्डाने भरले होते. ब्रिटनमध्ये १९७४ चा कन्झ्युमर क्रेडिट अॅक्ट आहे, त्याचं कलम ७५ म्हणजे कार्डवाल्यांसाठी कवचकुंडलं. वस्तूची किंमत १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल, तर दुकानदाराइतकीच कार्ड कंपनीही जबाबदार. गंमत म्हणजे किमतीतला थोडा भाग जरी कार्डाने भरला असेल, तरी जबाबदारी पूर्ण रकमेची! डेबिट कार्डाला मात्र हे कलम लागू नाही.

कार्ड कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, 'तुम्ही दुकानाशी बोला.' बाई, दुकान असतं तर तुझ्याशी कशाला बोलले असते? फोनवर वाद न घालता मी लेखी तक्रार केली. ऑर्डरची पावती, तारखा आणि एक ओळ, 'ही कलम ७५ खालची मागणी आहे.' इथे वित्तीय कंपनीला तक्रारीवर अंतिम उत्तर द्यायला आठ आठवडे मिळतात. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर फायनान्शियल ऑम्बड्समनकडे जाता येतं, तेही फुकट. माझ्यावर ती वेळ आली नाही. पाचव्या आठवड्यात ४८० पौंड जमा!

एव्हाना एक गोष्ट डोक्यात पक्की बसली होती. आपल्याकडे प्रश्न सुटतो आवाजाने किंवा ओळखीने. इथे आवाज चढवलात तर समोरचा फोन ठेवून देतो आणि ओळख तर नसतेच. इथे चालतात तीन गोष्टी. लेखी तक्रार, तारीख आणि कॅलेंडर.

'होम ऑफिसमधून बोलतोय...'

आता जरा सीरियस गोष्ट. ही वाचून सोडून देऊ नका, कारण हे कोणाच्याही बाबतीत घडू शकतं.

आमच्या बिल्डिंगमध्ये नागपूरची एक मुलगी राहते. मास्टर्स करत होती तेव्हा. २०२५ च्या सुरुवातीची गोष्ट. तिला फोन आला. 'होम ऑफिसमधून बोलतोय. तुमच्या व्हिसाच्या फाइलमध्ये गडबड आहे. आत्ताच्या आत्ता दंड भरला नाहीत, तर डिपोर्ट व्हाल. फोन ठेवू नका, कोणाशी बोलू नका.' तिचं पूर्ण नाव त्याला माहीत, युनिव्हर्सिटी माहीत, स्क्रीनवर नंबरही सरकारी वाटणारा. तिने दोन वेळा मिळून १,९०० पौंड ट्रान्सफर केले. वडिलांनी एज्युकेशन लोन काढून पाठवलेल्या पैशांतले.

तीन दिवस ती कोणाशी बोलली नाही. चौथ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटली. चेहरा पांढराफटक. मी विचारलं आणि तिथेच रडायला लागली. बँकेला कळवलंस का, तर म्हणाली, 'नको गं ताई, व्हिसावर काहीतरी लागेल. आणि बाबांना कळलं तर ते परतच बोलावतील.'

बघा कसं आहे! चोरांना आपल्या मनातला तो पाहुणा बरोबर माहीत असतो. त्यांच्या धंद्याचं भांडवल म्हणजे आपली भीती. व्हिसा शब्द उच्चारला की ही माणसं प्रश्न विचारत नाहीत, पैसे देतात, आणि नंतर लाजेने तक्रारही करत नाहीत, हे ते पक्कं ओळखून असतात. होम ऑफिस कधीही फोनवरून दंड मागत नाही, हे एक वाक्य परदेशी निघालेल्या प्रत्येक मुला-मुलीच्या फोनवर चिकटवलं पाहिजे.

आम्ही तिथूनच १५९ हा नंबर फिरवला. ब्रिटनमधल्या बहुतेक मोठ्या बँकांशी थेट जोडणारा हा नंबर. समोरून कोणी 'मी तुमच्या बँकेतून बोलतोय' म्हणालं, तरी फोन ठेवून यावरून खातरजमा करता येते. ७ ऑक्टोबर २०२४ पासून इथे नवा नियम आलाय. फसवून तुमच्याकडूनच ट्रान्सफर करवून घेतलेले पैसे, ते ब्रिटनमधल्याच खात्यात गेले असतील, तर बँकांना परत द्यावे लागतात. मर्यादा ८५,००० पौंड, तक्रार १३ महिन्यांच्या आत. ग्राहकाने कमालीची बेपर्वाई केली असं बँकेने सिद्ध केलं तर मिळत नाहीत. शिवाय बँक १०० पौंडांपर्यंत रक्कम कापून घेऊ शकते. तिच्या बँकेने चौकशी केली, चार प्रश्न विचारले आणि पुढच्या महिन्यात १,८०० पौंड परत दिले.

पैसे आले त्या दिवशी तिने घरी फोन करून बाबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. इतकंच म्हणाले, 'बेटा, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?'

खरी लढाई डोंबिवलीत

आता तुम्ही म्हणाल, तिकडे सगळं छान, नियम आहेत, लोक पाळतात. आपल्याकडे कुठे असं? मीही असंच समजत होते.

नोकरीसाठी परदेशी गेलात, की भारतातलं साधं सेव्हिंग्ज खातं तसंच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ करून घ्यावं लागतं. परदेशातली कमाई पाठवायला वेगळं एनआरई खातं. त्याचं व्याज भारतात करमुक्त, तर एनआरओच्या व्याजावर ३० टक्के टीडीएस, वर सेस. आमच्या डोंबिवलीच्या घराचं कर्ज बाबांच्या आणि माझ्या नावावर आहे आणि त्याचा हप्ता माझ्या एनआरओ खात्यातून जातो.

२०२५ च्या पावसाळ्यात बँकेने केवायसी अपडेट नाही म्हणून ते खातं गोठवलं. हप्ता बाऊन्स. वर दंड. आई-बाबा ज्या घरात राहतात त्या घराचा हप्ता! बँकेचं म्हणणं, 'खातेदाराने स्वतः ब्रँचमध्ये यावं.' मी लंडनहून एका सहीसाठी यायचं?

बाबा चार वेळा ब्रँचमध्ये जाऊन आले. पिशवीत पासबुक, झेरॉक्सचा गठ्ठा, छत्री. एकदा साहेब लंचला, एकदा सर्व्हर डाऊन, एकदा 'सोमवारी या'. मी व्हिडिओ कॉलवर होते तेव्हा ऐकलं. तिशीही न गाठलेल्या त्या मुलाला माझे अडुसष्ट वर्षांचे बाबा 'साहेब, जरा बघता का?' म्हणत होते. रेल्वेत छत्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस. त्याच ब्रँचमध्ये तीस वर्षं खातं. आणि उभे कसे, तर कोणाच्या तरी घरी न सांगता आलेल्या पाहुण्यासारखे, अवघडून.

तेव्हा मला चर्रकन जाणवलं. हे पाहुणेपण मी हीथ्रोला उतरल्यावर शिकले नव्हते. ते मी घरूनच घेऊन आले होते.

बाबांना म्हटलं, 'आता तुम्ही जाऊ नका. मी लेखी तक्रार करते.'

'अगं, वैर कशाला घ्यायचं? रोज तिथेच जायचंय मला. थांब, आपल्या सोसायटीतल्या जोशींच्या ओळखीचं कोणीतरी आहे झोनल ऑफिसला.'

'बाबा, ओळख नको. तारीख हवी.'

रिझर्व्ह बँकेचे केवायसीचे नियम तिच्या वेबसाइटवर आहेत. अनिवासी भारतीयाची कागदपत्रं परदेशातला नोटरी, भारतीय वकिलात किंवा भारतीय बँकेच्या परदेशी शाखेतला अधिकृत अधिकारी प्रमाणित करू शकतो, आणि बँक ती स्वीकारू शकते, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. मी इथल्या नोटरीकडून पासपोर्ट, व्हिसा आणि पत्त्याचा पुरावा प्रमाणित करून घेतला, कुरिअरने पाठवला आणि त्याच दिवशी बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल केला. भाषा अगदी सभ्य. नियमाचा उल्लेख, बाबांच्या चारही फेऱ्यांच्या तारखा आणि शेवटी एकच वाक्य. तीस दिवसांत निराकरण झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. २०२१ पासून बँका, वित्त कंपन्या आणि पेमेंट कंपन्या या सगळ्यांसाठी ही एकच लोकपाल योजना आहे. तक्रार ऑनलाइन, फी नाही. फक्त आधी बँकेला लेखी कळवून तीस दिवस थांबावं लागतं.

अठराव्या दिवशी खातं सुरू झालं. बाऊन्सचा दंडही परत आला. सिबिलवर चुकलेल्या हप्त्याची नोंद पडली होती. तीही तक्रार करून दुरुस्त करून घेतली. यासाठीही आता मुदत आहे. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. आपल्याकडे नियम नाहीत असं नाही हो, आपण ते वाचत नाही. आणि वाचले तरी 'कोणाच्या डोळ्यांवर कशाला यायचं' म्हणून गप्प बसतो.

आधी पोच घ्या

तर दोस्तहो, परदेशी निघाला असाल तर सगळ्यात आधी हे पाहुणेपण भारतातच उतरवून ठेवा. भारतातला मोबाइल नंबर चालू ठेवा, कारण बँकेचा ओटीपी तिथेच येतो. नव्वद दिवस वापर झाला नाही, तर प्रीपेड सिम बंद पडू शकतं. नवीन घरात पाऊल टाकल्याबरोबर, सामान उघडण्याआधी, फोटो काढा. फोनवर जे काही बोलणं झालं, ते लगेच ईमेलने पाठवा, 'आपल्या आजच्या बोलण्याप्रमाणे...' अशी सुरुवात करून. तक्रार नंबर लिहून ठेवा. आणि कोणी घाई करत असेल, 'कोणाला सांगू नका' म्हणत असेल, तर सगळ्यात आधी कोणाला तरी सांगा!

यात भांडकुदळपणा काही नाही. उलट मी इतक्या शांतपणे पैसे मागायला आयुष्यात पहिल्यांदा शिकले. कारण माझ्या बाजूने मी ओरडायची गरजच नसते, कॅलेंडर ओरडत असतं.

परवा बाबांचा फोन आला. त्यांच्या मोबाइल कंपनीने न मागितलेल्या कॉलर ट्यूनचे महिन्याला काही रुपये कापले म्हणे. मी म्हटलं, 'पाठवा डिटेल्स, मी लिहिते ईमेल.'

'काही गरज नाही,' बाबा म्हणाले. 'मी लिहिलंय. तक्रार नंबर घेतलाय. भिंतीवरच्या कालनिर्णयावर खूण करून ठेवलीय. आता त्यांची पाळी.'